रोज एकच तास मिळतो. हिवाळ्यात ६०० किलोमीटरची तयारी कशी करायची?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. वय ४१, बैठं काम. गेल्या हंगामात २०० किलोमीटरची एकच ब्रेव्हे (ठराविक मुदतीत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल राइड) केलीत, १२ तास ४० मिनिटांत. सायकल चालती असतानाचा सरासरी वेग ताशी २१ किलोमीटर. शेवटच्या ५० किलोमीटरला गुडघा दुखायला लागला. आता सोळा आठवड्यांनी सुरू होणाऱ्या हंगामात २००, ३००, ४०० आणि ६०० अशी पूर्ण मालिका करून सुपर रँडोनियर व्हायचंय, आणि त्यापुढे फ्रान्समधल्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस या १२०० किलोमीटरच्या राइडचं स्वप्न आहे. मधले सोळा आठवडे थंडीचे, लहान दिवसांचे. कामाच्या दिवशी जेमतेम तासभर मिळतो, शनिवारची संध्याकाळ कधीमधी, रविवार मोकळा. आणि तुम्ही विचारताय की आठवड्याला किती किलोमीटर केले म्हणजे ६०० जमेल.

किलोमीटरचा आकडा मी देणार नाही, कारण तुमचं घोडं तिथे अडलेलंच नाही. तुम्हीच दिलेले आकडे जरा शेजारी शेजारी ठेवून बघा. २०० किलोमीटर ताशी २१ च्या वेगाने म्हणजे साडेनऊ तास. तुम्हाला लागले १२ तास ४० मिनिटं. याचा अर्थ तीन तासांहून जास्त वेळ तुमची सायकल उभी होती. हाच हिशेब पुढे ताणला तर ३०० ला १९ तास लागतील, मुदत आहे २०. ४०० ला २५ तास २० मिनिटं, मुदत २७. ६०० ला ३८ तास, मुदत ४०. कागदावर सगळं बसतं. पण ६०० मध्ये जे दोन तास उरतात, त्यातच तुमची झोप, पंक्चर, समोरचा वारा आणि दुसऱ्या दिवशीचा थकवा बसवायचाय. ते बसणार नाही.

आता यावर दोन उपाय आहेत. एक म्हणजे वेग २१ वरून २३ वर नेणं. त्याने ६०० मध्ये सुमारे अडीच तास वाचतात. पण हवेचा विरोध तोडायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. एवढ्या दोन किलोमीटरसाठी त्या भागात जवळपास ३० टक्के जास्त जोर लागतो. बैठं काम करणाऱ्या, आठवड्याला सहा-सात तास देऊ शकणाऱ्या माणसाने सोळा आठवड्यांत ती मजल मारणं अवघड आहे. दुसरा उपाय म्हणजे वेग तोच ठेवून थांबे आवरणं. दर १०० किलोमीटरला अर्धा तासच उभं राहायचं ठरवलं तर ६०० मध्ये तीन तास थांबे, साडेअठ्ठावीस तास चालणं, आणि हातात जवळपास साडेआठ तास शिल्लक. त्यात चार तास झोपून, अंगावर दुखणं न काढता पोचता येतं.

म्हणून या हिवाळ्याचं काम मी असं मांडेन: आजचाच वेग, पण पंधराव्या तासालाही तोच, आणि तोही कमी थांबून. वेगवान होण्यापेक्षा टिकाऊ व्हायचंय. पुढचं सगळं त्या एका गोष्टीसाठी आहे.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगून टाकते. थंडी म्हणजे तुमच्याकडे नेमकी किती? पहाटे दहा अंश असेल तर हे सगळं बाहेर होईल. रस्त्यावर बर्फ किंवा दव गोठलेलं असेल तर नाही, आणि तिथे हट्ट धरू नये. पडून मनगट मोडलं तर हंगामच गेला. चाळिशीनंतर छातीत दुखणं, धाप लागणं, घरात हृदयविकाराचा इतिहास यातलं काही असेल तर जोराचे व्यायाम सुरू करण्याआधी डॉक्टरांकडून तपासून घ्या. आणि रोजची झोप सहा तासांहून कमी असेल तर मी सरावाचा एक दिवस कमी करून झोप वाढवायला सांगेन. मी ज्या नव्या रायडर्सना तयार करते, त्यांच्यात आजारपणाने मोडलेले आठवडे मला सरावाच्या कमतरतेपेक्षा जास्त दिसतात.

आता आठवडा. कामाच्या पाच दिवसांपैकी तीनच दिवस सायकल. त्यातला एक दिवस जोराचा, तो ट्रेनरवर (सायकल जागच्या जागी चालवता येईल असा स्टँड) घरातच करा. दहा मिनिटं अंग गरम करून १२ मिनिटांचे तीन टप्पे, मध्ये चार-चार मिनिटं हलकं. टप्प्यातला जोर असा हवा की तुटक तीन-चार शब्द बोलता येतील, पूर्ण वाक्य नाही. पॉवर मीटर (पेडलवरचा जोर मोजणारं यंत्र) असेल तर तासभर टिकेल अशा कमाल जोराच्या ९० टक्क्यांच्या आसपास. हे ट्रेनरवर करायचं कारण कंटाळा-बिंटाळा बाजूला ठेवून समजून घ्या. अंधारात, थंडीत, सिग्नल आणि खड्डे सांभाळत असा सलग जोर लावता येत नाही, आणि तासातले पाऊण तास खरे कामाचे होण्यासाठी घरासारखी जागा नाही. पंखा मात्र समोर हवाच. बाहेर थंडी असली तरी खोलीत वारा नसतो. घाम सुकत नाही, ठोके चढतात आणि पाय दमण्याआधी उकाड्याने माणूस दमतो.

उरलेले दोन दिवस खरोखर हलके. हलकं म्हणजे पूर्ण वाक्यात गप्पा मारता येतील इतकं. बहुतेक जण इथेच चुकतात. वेळ तासभरच आहे म्हणून प्रत्येक तास दामटतात. मग जोराच्या दिवशी पाय उरत नाहीत आणि रविवारी लांब जायचा उत्साह नाही. हलक्या राइडने स्नायूंतल्या बारीक रक्तवाहिन्या आणि पेशींमधली ऊर्जाकेंद्रं वाढतात, चरबी जाळण्याची क्षमता वाढते. पंधराव्या तासाला तुम्हाला तीच लागणार आहे. हा बदल सावकाश होतो, पण त्यासाठी अंगाची मोडतोड करावी लागत नाही.

चौथ्या दिवशी २५-३० मिनिटं ताकदीचा व्यायाम. स्क्वॉट, लंज, ग्लूट ब्रिज, प्लँक, आणि मानेच्या मागच्या स्नायूंसाठी काहीतरी. मानेचं मुद्दाम सांगते. फार लांबच्या राइडमध्ये मान इतकी दमू शकते की डोकं वर धरता येत नाही, आणि मग पाय शाबूत असूनही राइड सोडावी लागते.

रविवारची लांब राइड हा सगळ्याचा कणा. ती किलोमीटरमध्ये मोजू नका, तासांत मोजा. त्याला थंडीचं एक साधं कारण आहे. शून्य अंशाची हवा २५ अंशाच्या हवेपेक्षा सुमारे नऊ टक्के घट्ट असते, अंगावर कपडे जास्त, टायरही थंड. त्याच मेहनतीत वेग कमी दिसतो आणि माणूस खचतो. तासांत मोजलं की हे मनाला लागत नाही.

पहिले चार आठवडे रविवारी तीन, साडेतीन, चार आणि मग पुन्हा अडीच तास. पुढचे चार: चार, पाच, साडेपाच, तीन. त्यापुढचे: साडेपाच, सहा, सात, साडेतीन. प्रत्येक चौथा आठवडा मुद्दाम हलका आहे, तो वगळू नका. शरीर सावरतं तेव्हाच घट्ट होतं. तेराव्या-चौदाव्या आठवड्यात एकदा आठ तास, आणि शेवटचे दोन आठवडे उतरते. आठ तासांच्या पुढे सरावात जायची गरज नाही. ही मालिका म्हणजे शिडी आहे: २०० ही ३०० ची तालीम, ३०० ही ४०० ची. सरावातच २५० किलोमीटर मारून सावरण्यात दहा दिवस घालवण्यात काही हाशील नाही.

पाया पक्का होतोय की नाही हे बघायचा एक उपाय मी सगळ्यांना सांगते. चारेक तासांच्या सपाट राइडचे दोन सारखे भाग करा. जोर सारखाच ठेवून दुसऱ्या भागात हृदयाचे ठोके पाच टक्क्यांहून जास्त चढले असतील तर पाया अजून कच्चा आहे, राइडचे तास तेवढेच राहू द्या. त्या आत असतील तर पुढे जा. पाणी कमी प्यायल्यानेही ठोके चढतात, हे मात्र ध्यानात ठेवा.

सोळा आठवड्यांत तीनदा शनिवारची संध्याकाळ मागून घ्या. अंधार पडल्यावर दोन-अडीच तास राइड, घरी येऊन जेवून झोप, आणि रविवारी पहाटे अंधारातच निघून नेहमीची लांब राइड. ६०० ची दुसरी सकाळ हीच असते: पाय जड, बसायची जागा हुळहुळी, भूक मेलेली, आणि तरी खोगिरावर बसायचंय. ती पहिली वीस-तीस मिनिटं वाईट जातात आणि मग पाय सुटतात, हे अंगाला आधीच माहीत असलं की प्रत्यक्ष ब्रेव्हेत घाबरायला होत नाही.

गुडघ्यावर जरा थांबते, कारण मी स्वतः त्यात एक हंगाम घालवलाय. काही वर्षांपूर्वी एका हिवाळ्यात मी रोज ४० किलोमीटर, एकही दिवस खंड न पाडता, असा महिनाभराचा नेम धरला. थंडीत गरम वाटावं म्हणून जड गिअर ओढायचे, आणि गुडघे उघडे. पाचव्या आठवड्यात गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला सुई टोचल्यासारखं दुखायला लागलं. मी ते अंगावर काढलं. मग आठ आठवडे सायकल बंद, आणि ४०० ची तारीख घरात बसून बघितली. त्या महिन्याचे किलोमीटर वहीत फार छान दिसत होते.

तेव्हापासून माझे नियम असे. पंधरा अंशांच्या खाली गुडघे झाकलेले. पहिली वीस मिनिटं हलका गिअर. केडन्स, म्हणजे मिनिटाला पेडलचे फेरे, ८५ च्या आसपास. साठ-पासष्टने रेटत बसायचं नाही. लांब राइडचा वेळ आधीच्या सर्वांत लांब राइडपेक्षा एका आठवड्यात तासाभराहून जास्त वाढवायचा नाही. दुखणं नेमकं कुठे आहे त्यावर कारण शोधायचं. गुडघ्याच्या पुढे दुखत असेल तर बहुतेकदा खोगीर खाली असतं किंवा गिअर जड असतो. मागे दुखत असेल तर खोगीर वर असतं. बाहेरून दुखत असेल तर क्लीटचा (बूट पेडलला अडकवणाऱ्या पट्टीचा) कोन किंवा पुन्हा खोगिराची उंची बघायची. बदल एका वेळी एकच, तोही तीन-चार मिलिमीटरचा, आणि मग दोन-तीन राइड थांबून बघायचं.

थंडीच्या कपड्यांबद्दल एवढंच, की निघताना पहिली दहा मिनिटं किंचित गारठल्यासारखं वाटलं पाहिजे. निघतानाच उबदार वाटलं तर अर्ध्या तासात घामाने आतला थर भिजतो, आणि पुढच्या उतारावर तोच थर अंगातली ऊब ओढून घेतो. पाच अंशांत ताशी ३० ने जाताना उघड्या कातडीला शून्य अंशासारखं लागतं. म्हणून आत घाम ओढणारा पातळ थर, वर ऊब धरणारा, सर्वांत बाहेर वारा अडवणारं हलकं जॅकेट, आणि जॅकेटची झिप पुढून उघडता येईल अशी. बोटं आणि पावलं यांच्यावर कंजुषी करू नका. बधिर बोटांनी ब्रेक नीट लागत नाही, हा सुरक्षिततेचा प्रश्न आहे. बुटात जाड मोजा कोंबून बूट घट्ट झाला तर रक्तच पोचत नाही आणि पाऊल जास्त गार पडतं. त्यापेक्षा पातळ मोजा आणि बुटावरून कव्हर. सायकलच्या बाजूने दोन गोष्टी. घरात २० अंशांत ८० पीएसआय हवा भरून शून्य अंशात बाहेर पडलात तर ती आपोआप ७४ च्या आसपास येते, त्याचा अंदाज ठेवा. आणि थंडीत दिव्यांची बॅटरी लवकर संपते, तेव्हा डब्यावर लिहिलेल्या तासांवर विसंबू नका.

दिव्यांवरून अंधाराकडे येते. लहान दिवसांबद्दल तुम्ही तक्रारीच्या सुरात लिहिलंय, पण ४०० आणि ६०० मध्ये रात्र चुकत नाही, आणि अंधारात चालवायची तालीम फुकट मिळते ती याच महिन्यांत. दिव्याच्या झोतात खड्डा उशिरा दिसतो, चढ किती उरलाय ते कळत नाही, वेग आहे त्यापेक्षा जास्त वाटतो. ही नजर बसायला वेळ लागतो. आधी ओळखीच्या, कमी रहदारीच्या रस्त्यावर, शक्यतो कुणाच्या सोबतीने जा. रात्रीच्या ब्रेव्हेत पुढचा-मागचा दिवा आणि रिफ्लेक्टिव्ह जॅकेट सक्तीचंच असतं. सरावातही तेच सगळं चढवा. मागचे दिवे दोन हवेत, कारण मागचा दिवा बंद पडलेला आपल्याला दिसत नाही. आणि एकदा तरी अंधारात, हातमोजे घालून, हेडलँपच्या उजेडात ट्यूब बदलून बघा. घरात दहा मिनिटांत होणारं काम तिथे अर्धा तास खातं, आणि तो अर्धा तास तुमच्या हिशेबातला आहे.

खाण्यापिण्याची तालीम पायांइतकीच महत्त्वाची. थंडीत तहान कमी लागते आणि लघवी जास्त होते, त्यामुळे हिवाळ्यातही माणूस कोरडा पडतो. दर पंधरा मिनिटांनी घोट घ्यायची सवय घड्याळ लावून करा. दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं, पहिल्या तासापासून. भूक लागायची वाट बघितली तर उशीर झालेला असतो. सवय असलेल्या माणसाला ग्लुकोज आणि फ्रुक्टोज मिसळून तासाला ९० ग्रॅमपर्यंतही पचतं, पण या वेगाला तुम्हाला त्याची गरज नाही. काय खावं हे मी सांगणार नाही. ते तुमचं पोट ठरवेल, आणि ते सहा तासांनंतर ठरवेल. दुसऱ्या तासाला सगळंच पचतं. कोरडं, गोड, खारट असे चार-पाच पर्याय घेऊन निघा आणि शेवटच्या तासात कशाकडे हात जातो ते टिपून ठेवा. गोड नकोसं होणं अगदी नेहमीचं आहे, त्यासाठी खारट काहीतरी खिशात हवंच.

आता ज्या तीन तासांपासून सुरुवात केली ते थांबे. हे सरावाने सुटतात, निव्वळ निश्चयाने नाही. प्रत्येक लांब राइडला थांबे आधीच ठरवा: चार तासांत एक, सात तासांत दोन, प्रत्येकी पंधरा मिनिटं. उतरण्याआधीच्या दहा मिनिटांत मनात क्रम लावायचा: बाटल्या, टॉयलेट, खिशात खाणं, निघणं. ब्रेव्हेत त्यात वाटेतल्या ठरलेल्या ठिकाणी कार्डावर घ्यायचा शिक्का वाढतो. फोन खिशातच. बसून खायचं असेल तर घड्याळ लावून. जॅकेट काढणं-घालणं, बॅगेत खालच्या थरात काहीतरी शोधणं, चार्जिंगची वायर सोडवणं यातच तुमचे तीन तास गेले असतील, कारण जवळपास सगळ्यांचे तिथेच जातात. प्रत्येक वस्तूची जागा ठरवून ठेवा आणि सोळा आठवडे ती बदलू नका.

आजारपणाचा साधा नियम: लक्षणं मानेच्या वर असतील, म्हणजे नाक वाहणं, शिंका, तर हलकं अर्धा तास चालेल. ताप, अंगदुखी, छातीत कफ असेल तर सायकल बंद, आणि बरं झाल्यावरही दोन दिवस हलकंच. एखादा आठवडा बुडाला तर पुढच्या आठवड्यात भरून काढायचा नाही. जिथे सोडलं होतं तिथून पुढे चालू करायचं. आठवडाभराच्या विश्रांतीने कमावलेलं वाहून जात नाही.

पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसबद्दल एक गोष्ट तारखांच्या दृष्टीने माहीत असू द्या. १८९१ मध्ये सुरू झालेली ही १२०० किलोमीटरची राइड आता दर चार वर्षांनी होते. २०२३ नंतरची २०२७ ला. सर्वांत मोठी मुदत ९० तास. पात्रतेसाठी हीच २००-३००-४००-६०० ची मालिका त्याच हंगामात पूर्ण करावी लागते, आणि आधीच्या वर्षी जितकी लांब ब्रेव्हे केली असेल तितकी नोंदणी आधी करता येते. या एका हिवाळ्यावर सगळा भार टाकायची गरज नाही. यंदा समजा ४०० वर थांबावं लागलं, तरी तुम्ही एक रात्र सायकलवर काढलेली असेल, आणि ते पुढच्या खेपेला उपयोगी पडतं.

या आठवड्यात दोनच गोष्टी करा. मागच्या २०० ची नोंद उघडून सायकल कुठे कुठे, किती मिनिटं उभी होती ते एका कागदावर उतरवून काढा. आणि गुडघा नेमका पुढे दुखला होता, बाहेरून की मागून, खोगिराची उंची किती आहे, शेवटच्या ५० किलोमीटरला केडन्स किती होता, हे मला कळवा. जोराचा व्यायाम ते कळेपर्यंत सुरू करू नका. हलके दोन दिवस आणि रविवारचे तीन तास तेवढे चालू ठेवा.